बहिणीच्या भट्टीचा मुर्रा

आमच्या शहापुरात डोकं फिरलेल्या माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता; पण दिवसभर मुर्रा, म्हणजे तुमचे चुरमुरे, भाजायचा आणि वर्षानुवर्षं त्यातला एक दाणाही तोंडात टाकायचा नाही, असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझा मोठा साळा. मी चौथीपर्यंत शिकलेलो, गोड गोड लिहिणं मला जमत नाही. तो येडा होता, अजूनही आहे, आणि माझा संसार त्याच्या येडेपणावरच उभा राहिला. हे आधीच सांगून टाकतो.

भट्टी त्याच्या बापाची. आईबाप लवकर गेले, तेव्हा माझी बायको कोंड्याच्या ढिगावर खेळणारी पोर होती. यानंच तिला बाप होऊन वाढवलं आणि चिखला गावी माझ्या गळ्यात बांधली. मी तिथं खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर होतो. सत्तर सालाच्या पुढचीमागची गोष्ट. पाय चाकाखाली आला, काम सुटलं. मी खाटेवर पडून छताकडे पाहत होतो, तर हा दारात बंडी घेऊन उभा. एसटी असताना एवढ्या लांब बैलं दामटत आलेला! म्हणाला, "जवाई, बसा बंडीत. रडाचं काम घरी गेल्यावर करू." शहापुरात आल्यावर चार माणसांसमोर त्यानं रेतीतला झारा माझ्या बायकोच्या हातात दिला. "आजपासून भट्टी बाईची. मी गडी." त्याची सोयरीक तेव्हा जुळत आली होती. मुलीच्या बापानं विचारलं, भट्टी कोणाच्या नावाची? हा म्हणाला, बहिणीच्या. सोयरीक तिथंच उठली. घरी येऊन आम्हाला सांगतो कसा, "बरं झालं, एका मानसाचाच सैपाक. मीठ जास्त झालं तरी कोनी बोलत नाई."

इथून पुढं खरा येडेपणा सुरू झाला. मुलीच्या घरात लेकरू खेळल्याशिवाय माहेरच्या वडीलधाऱ्यानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बापाच्या जागी हाच, म्हणून रीतही यालाच. भट्टी बाईची झाली, म्हणजे मुर्राही बाईचा, आणि तो खाणं बंद. लहानपणापासून मुर्रा आणि हिरवी मिरची हेच ज्याचं जेवण, तो माणूस भंडाऱ्याच्या बाजारातून दुसऱ्याचा मुर्रा विकत आणून खायचा आणि शिव्या द्यायचा, "माती हाये माती!" रस्त्यापलीकडच्या आपल्या घरून पाण्याची डोलची घेऊन यायचा. तळ्याखालच्या धानाच्या बांधीतले चार दाणे शिजवायचा. पगार म्हटला की कानावर हात. मग मुर्रा नीट भाजला की नाही, हे त्याला कळावं कसं? तर तो कढईतून एक दाणा काढायचा, माझ्या तोंडात टाकायचा आणि माझ्या गालाला कान लावायचा. "चावा, जवाई. हं. अजून एकडाव." गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. मी दाढदुखीनं बेजार असलो की त्या दिवशीचा माल वातड निघायचा.

एकदा मिरचीची धांस लागून त्याला असा ठसका लागला की डोळे बाहेर यायची पाळी. डोलची रिकामी. बायको गिलास घेऊन धावली, तर हा तिला पाहून मोठ्या रोडवर पळाला. पुढं हा खोकत, मागं ती गिलास घेऊन. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, बाई, चोर आहे का? ज्या बोरिंगचं पाणी आमची दोन्ही घरं भरायची, तिथपर्यंत हा गेला, घटाघटा प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "वाचलो!" दिवाळीला बहिणीला माहेरी न्यायला मात्र बैलांच्या शिंगांना रंग लावून यायचा. माहेर रस्त्याच्या पलीकडे. पण बंडी तळ्याला वळसा घालून न्यायचा. म्हणे, "मायेराची वाट इतकीशी असली त पोरीले मजा काय?"

ती हसायची, पण तिच्या मनात एक सल होती. त्याच्यासाठी तिनं पितळेचा एक गिलास चिंचेनं घासून कोनाड्यात ठेवला होता. रोज विचारायची, "दादा, एक घोट?" रोज तो डोलची दाखवायचा. आम्हाला लेकरू झालं नाही. तो गिलास तसाच चमकत राहिला.

एका दिवशी मुर्रा घ्यायला आलेली बाई तिला म्हणाली, "भाऊ अजून पानी नाई पेत वाटते तुह्या घरचं? पेईन कसा म्हना, लेकरूच नाई खेळलं त घरात." बायको खाली मान घालून माप भरत राहिली. माप भरलं, सांडलं, तरी ती भरतच होती. साळा कढईपाशी उभा. त्याची डोलची गावाला रोज काय सांगत होती, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. त्यानं झारा ठेवला, बोरिंगवर पाय धुतले, सरळ भट्टीमागच्या आमच्या खोलीत जाऊन मांडी घातली आणि रोडपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "बाई, मुर्रा आन. मिरची आन. पानी आन."

ती दारातच थिजली. "दादा, अन रीत?"

"रीत माह्या बापाची होती. अन तुहा बाप आता मीच हावो."

त्यानं बकाणा भरला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बराच वेळ चावून माझ्याकडे वळला. "जवाई, हा त वातड हाये! इतकी वर्षं लोकाइले हेच चारून राहिलो का आपन? तुमचे दात लबाड!" बायको हसली, हसता हसता रडली, आणि गिलास भरून आणला. तो त्यानं एका दमात रिकामा केला. मग उठून त्या गिऱ्हाईक बाईचं माप शीग लावून भरून दिलं.

आता बायको जाऊन वरीस होत आलं. भट्टी आठवड्यातून एखाद्या दिवशी पेटते, सवय म्हणून. माझे दात गेले, त्याचे कान गेले. तरी तो दाणा माझ्या तोंडात टाकतो, गालाला कान लावतो आणि म्हणतो, "झाला, उतरवा." मग अंगावरची राख झटकून ओट्यावर बसतो आणि आत पाहून हाक मारतो, "बाई, पानी."

हाक मारून झाल्यावर त्याला आठवतं. मलाही. मी लंगडत उठतो, कोनाड्यातला गिलास काढतो. आता तो मी घासतो, चिंचेनंच. तो थेंबही न ठेवता पितो, गिलास माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "गोड हाये, जवाई."

पाणी त्याच बोरिंगचं असतं.