चित्रामागचं पत्र

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर यथेच्छ टिंगल केली आहे. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... पण आधी वाचा.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. डिचोली तालुक्यातल्या पाळीला खाणकामगारांसाठी मी संध्याकाळचा साक्षरता वर्ग घ्यायचे. भिंतीवर एक चित्र होतं — अमेरिकी मासिकातलं पान, मीच फ्रेम केलेलं. एकोणिसाव्या शतकातलं. गुलामीतून नुकताच सुटलेला एक काळा माणूस चुलीपाशी बसून, ओळीखाली बोट धरून बायबल वाचतोय.

"बाई, देवाचां पुस्तक वाचूक ह्येका कोणी आडवल्यान होता?" सावंतवाडीकडचे सखारामतात्या विचारायचे.

"मालकांनी. आता तो स्वतः वाचतो, दुसऱ्याच्या तोंडून ऐकत नाही." माझं ठरलेलं भाषण!

लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तात्यांनी सहा वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. एक दिवस तिचं पत्र आलं. मी म्हटलं, वाचून दाखवू? तात्यांनी चित्राकडे बघितलं.

"नको. वाचूक येयत तेव्हा मीच फोडतलंय."

बंद पाकीट त्यांनी फ्रेममागे खोचलं. मी कौतुकाने मान डोलावली... मोठी शहाणी मी!

तात्या नेटाने शिकत होते. खनिजाच्या मातीने लाल झालेलं बोट ओळीखाली सरकवायचे, ओळ संपली की तिथेच दाबून दम घ्यायचे. त्यांचं पुस्तक त्या लाल ठिपक्यांनी भरलं होतं. चवथ, म्हणजे आमच्याकडची गणेशचतुर्थी, झाली. आठवड्याने खाणीवर मातीचा ढीग खचला आणि तात्या गेले. पुस्तक अर्ध्यावरच राहिलं.

लेक आली. मी फ्रेममागचं पाकीट काढून दिलं. डिंक तसाच, घट्ट. तिने माझ्यासमोर ते फोडलं.

'बाबा, राग सोडा. चवथीला घरी या. नातवाने तुम्हाला पाहिलेलंच नाही...'

प्रत्येक ओळीखाली लाल रेघ होती. ओळीच्या शेवटी ठिपका. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"ह्यां तर बाबांचां बोट," ती म्हणाली. मग रडत म्हणाली, "वाचल्यानी, मगे ते इले कित्याक नाय?"

मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी चित्राकडे बघितलं. काचेआड, त्या माणसाचं बोट लाल झालं होतं. ती फ्रेम कधी कुणी उघडलीच नव्हती.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं — त्या दिवशी मी हट्टाने पत्र वाचून दाखवलं असतं, तर चवथीला तात्या लेकीच्या दारात उभे असते.