विमानाला थंडी वाजली

मामानं बजावलं होतं, "पहिल्यांदा उडवताना तू आणि मी. तिसरं कुणी नको." मी हो म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून मोकळा झालो. पोटात गोष्ट न राहणं हा आमच्या घराण्याचा आजार. मामाच्या पोटात मात्र एक गोष्ट वर्षभर टिकली होती, ते मला नंतर कळलं.

मामाचं सलून एका खुर्चीचं. गिऱ्हाइकंही त्याला मामाच म्हणत. डोळे मिटून खुशाल गळा पुढे करावा, असा त्याचा वस्तरा, आणि घर चालायचं ते त्या वस्तऱ्यावर. दुपारी दुकान रिकामं असलं की तो मागच्या खोलीत जुन्या काळच्या लढाऊ विमानाची प्रतिकृती बनवत बसे. हलक्या लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणून चिकटवलेला कागद, पंखांवर रंगवलेल्या बंदुका. कागद गुळगुळीत करायला मामीची पावडर. "शत्रूचं काय व्हायचं ते होवो," मामी म्हणायची, "माझा डबा मात्र रिकामा झाला."

निघण्याआधी आम्ही रिमोट तपासला. मामानं कांडी धरली की विमानाची शेपटी नुसती लटलटायची.

"मामा, स्क्रू ढिला आहे."

"असेल. आवळ."

मी आवळला. पुन्हा तेच. पुन्हा आवळला. मामानं रिमोट पिशवीत घातला.

मैदानावर अर्धी गल्ली हजर, मामीसुद्धा. मामानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"आता?" एवढंच म्हणाला.

विमान गवतावरून धावलं आणि उचललं गेलं. टाळ्या पडल्या. झाडाचं पान हलत नव्हतं, पण विमानाचे पंख सारखे थरथरत होते. वळताना तर जास्तच.

"मामा, तुमच्या विमानाला थंडी वाजतेय," गल्लीतला कंपाउंडर म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मामी हसली नाही. ती वर बघतच नव्हती. मामाच्या बोटांकडे बघत होती. मग एकेकाची मान खाली आली, त्याच बोटांकडे. दुकानात मामा मनगट गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवून हात आवरायचा. इथं टेकायला गाल नव्हता.

मामानं विमान अलगद उतरवलं, चाकसुद्धा वाकलं नाही.

"झक्कास," कंपाउंडर म्हणाला आणि स्वतःचा गळा चोळला.

वाटेत मामीनं विचारलं, "कधीपासून?"

"अजून कुणाला कापलेलं नाही."

"मी ते नाही विचारलं, अहो."

त्या महिन्यात आमच्या गल्लीत दाढ्यांची फॅशन आली. रोज सकाळी तुळतुळीत होऊन कामावर जाणारा कंपाउंडर सांगू लागला, बायकोला अशीच आवडते. शिंप्यानं घसा धरल्याचं सांगून मफलर गुंडाळला, तो उन्हाळ्यातही सोडला नाही. वाईट कुणीच बोललं नाही. उलट दुकानासमोरून जाताना जास्तच हसून विचारायचे, "काय मामा, विमान काय म्हणतंय?" मामा रिकाम्या खुर्चीवर फडकं मारत म्हणायचा, "बरं आहे."

शेवटी मीच जाऊन खुर्चीत बसलो.

"दाढी कर."

"आहे कुठे तुला?"

"आहे तेवढी कर."

त्यानं फेस लावला. डावा गाल झाला, अगदी पूर्वीसारखा. उजवीकडे वळताना त्याचा हात हलला आणि मी मान मागे घेतली. केसभरच, तीही ठरवून नाही. पण समोर आरसा होता.

मामानं वस्तरा मिटला. टॉवेलनं माझा फेस पुसला, कानामागचासुद्धा.

"उरलेली नंतर करतो."

"घाई नाही," मी म्हणालो.

त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्त करतात. माझा उजवा गाल मामाकडे अजून बाकी आहे. मी विषय काढत नाही, तोही काढत नाही.