दुधाच्या दाताची चौकशी

मुकुंदवाडीच्या दातांच्या डॉक्टर काळेबाई पेशंटला “काही आजार आहे का?” असं कधी विचारत नसत. भुलीची सुई हातात घेतली की त्यांचा एकच प्रश्न असे, “लहानपणी दुधाचा दात पडला, तेव्हा रक्त किती वेळ आलं?” समोर सत्तरीचे आजोबा असले तरी हेच. बाई गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या. म्हणायच्या, “आजार विचारला की माणूस नाय म्हणतं. दाताचं विचारलं की खरं बोलतं.”

मी त्यांच्याकडे गेलो तो लपवायचं ठरवूनच. मला हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही. दाढेनं आठ दिवस जीव नकोसा केला होता आणि आजाराचं नाव ऐकून तीन दवाखान्यांनी मला हात जोडले होते. चौथ्या ठिकाणी ते नावच काढायचं नव्हतं. पण बाईंनी भलतंच विचारलं आणि मी बोलून गेलो, “दोन दिवस.”

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “किती जणांनी परत पाठवलं?”

“तिघांनी.”

“म्हणून लपवलं, व्हय? जबड्यात मागं खोल सुई दिली असती, तर आतल्या आत रक्त साचून श्वास अडकला असता, भाऊ.” आवाज मात्र चढला नाही. “मी परत पाठवत नाय. आधी रक्ताच्या डॉक्टरांशी बोलते.”

त्यांच्या सांगण्यावरून चार दिवसांनी मी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन घेऊन तडक त्यांच्या खुर्चीत बसलो. त्यांनी दाढेच्या कडेलाच, हिरडीत, अगदी सावकाश भूल दिली. “सुईला घाई चालत नाय,” एवढंच म्हणाल्या. दाढ निघाली. जखमेवर बोटानं कापसाची घडी दाबून बसल्या, तोच गल्लीत टँकर आला. दुष्काळाचं वर्ष, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. सगळी गल्ली हंडे घेऊन धावली. बाईंचे दोन्ही ड्रम दारात कोरडे. मी हातानं खुणावलं, जा म्हणून.

“गप बसा. पाणी परवा बी येईल.”

टँकर गेला, त्यांचं बोट हललं नाही. मला भरून आलं, पण तोंडात बोट असल्यावर धड रडताही येत नाही.

पुढे मुकुंदवाडी ओळखू येईना इतकी वाढली. बाई लेकीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. गेल्या वर्षी दुसरी दाढ दुखायला लागली. काचेच्या नव्या इमारतीतल्या तरुण डॉक्टरनं सुई भरता भरता विचारलं, “काही आजार?” परत पाठवतील या जुन्या भीतीनं ‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं.

“माझा दुधाचा दात पडला ना,” मी म्हणालो, “तेव्हा दोन दिवस रक्त आलं होतं.”

त्यानं सुई खाली ठेवली आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसला.