साक्ष क्रमांक सात

१७ नोव्हेंबरला संस्थेच्या खात्यात तीन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास जमा झाले. आरोग्य विभागाचे पैसे होते, वस्त्यांमधल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण देण्यासाठी. टाचणीचं मानधन त्यातूनच निघायचं.

टाचणी आमची प्रशिक्षक. मूळ धंदा शिवणकाम. गळ्यापाशी कायम चार-पाच टाचण्या खोचलेल्या, म्हणून सासूने हे नाव ठेवलं आणि वस्तीने उचललं. चार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे शिकायला आली, कारण शिलाई मशीन बिघडलं होतं आणि दुपार रिकामी होती. हे ती स्वतःच सांगायची. दुसऱ्या वर्षापासून ती शिकवू लागली.

‘हक्क’ हा शब्द आमच्या पुस्तिकेत अकरा ओळींत समजावला आहे. टाचणी पुस्तिका बाजूला सारायची.

“दवाखाना चालतो कोणाच्या पैशावर? आपल्या. आता मी तुमच्याकडून कापड घेतलं, शिलाई घेतली आणि लेकीचा फ्रॉक दिलाच नाही, तर माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहाल का?”

“तुझ्या झिंज्या उपटू,” मागून कोणीतरी म्हणायची.

“झिंज्या राहू देत. लेखी मागा. औषध संपलं म्हणतात ना, मग साठ्याची वही दाखवा म्हणायचं.”

मग ती एकीला रोगी करायची, एकीला कारकून. कारकून झालेली बाई अशी काही खेकसायची की रोगी झालेली खरोखर रडकुंडीला यायची. मी संस्थेचा हिशेबनीस, शेजारच्या खोलीत पावत्या लावत असे. भिंत पातळ, सगळं ऐकू येई.

संस्थेने मार्चच्या शेवटी जनसुनावणी ठेवली. दवाखान्यात आपल्याला काय भोगावं लागलं ते लोकांनी अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. ज्यांना नाव सांगायची भीती, त्यांच्या साक्षी नुसत्या क्रमांकाने दुसऱ्या कोणीतरी वाचायच्या. अशा सहा साक्षी टाचणीने आणल्या. सातवी मिळवायला तिला महिना लागला, कारण ती तिच्या धाकट्या जावेची होती.

जाऊ त्याच दवाखान्यात कंत्राटावर सफाईला होती. फुकट द्यायची इंजेक्शनं मागच्या दाराने खोक्यांनी बाहेर जाताना तिने सात महिने पाहिली होती. नवरा नाही, दोन मुली, आणि घर त्या एका पगारावर.

“जाऊबाई, माझं नाव फुटलं तर मुलींसकट तुमच्या दारात येऊन बसेन,” ती म्हणाली होती.

“ये. काजं करायला मला माणूस हवंच आहे,” टाचणीने उत्तर दिलं होतं.

साक्ष लिहून द्यायला साक्षीदारांचा कामाचा दिवस बुडणार, म्हणून त्यांना एका दिवसाची मजुरी द्यायची होती. मी यादी आखली: क्रमांक, नाव, रक्कम, सही. टाचणी ती बघत राहिली.

“भाऊ, क्रमांकासमोर नाव लिहायचं, तर मग क्रमांक दिलाच कशाला?”

“सहीशिवाय पैसे देता येत नाहीत, ताई. लेखापरीक्षक विचारतो. हा कागद या कपाटाबाहेर जाणार नाही.”

“किल्ली कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“मग काळजी नाही. तुम्ही पेन्सिलीलासुद्धा कुलूप लावाल.”

दुसऱ्या दिवशी तिने जावेची सही आणून दिली.

सुनावणी चांगली झाली. साक्ष क्रमांक सातमध्ये तारखा होत्या, खोक्यांची संख्या होती. ती वाचून होईपर्यंत विभागाचे अधिकारी काहीतरी लिहून घेत होते. टाचणी शेवटच्या रांगेत मान ताठ ठेवून बसली होती.

बावीस दिवसांनी विभागाचं पत्र आलं. सुनावणीच्या खर्चाची मूळ कागदपत्रं सादर करावीत. मी ते घेऊन संचालकांकडे गेलो.

“सर, मजुरीची यादी सोडून बाकीचं पाठवतो. तिच्यात नावं आहेत.”

“सगळं पाठवा.”

“नावं झाकून झेरॉक्स पाठवली तर?”

“मूळ मागितलंय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या तीन वर्षांचा करार त्यांच्या टेबलावर आहे. त्यांना नेमकं काय हवंय ते तुम्हाला कळतं, मलाही कळतं.”

मी कपाट उघडलं.

एक मेला दवाखान्याच्या हजेरीपटावर जावेचं नाव नव्हतं. कामात हलगर्जी, असं कंत्राटदाराने सांगितलं. त्याच आठवड्यात आमच्या करारावर सह्या झाल्या आणि कार्यालयात पेढ्यांऐवजी खाऱ्या बिस्किटांचे पुडे फुटले, कारण सरांना साखर वर्ज्य आहे.

टाचणी अकरा वाजता आली. बिस्किटाची बशी तिने बाजूला सरकवली.

“एकच विचारते. कागद कपाटातून गेला?”

“गेला.”

“कोणी दिला?”

“मी. सरांनी सांगितलं म्हणून.”

ती खुर्चीत बसली. म्हणाली, “जाऊ माझ्या दारात आली नाही हो. आली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने मुलींना बजावलंय, काकूकडे पाऊल टाकायचं नाही.”

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“तिच्यासाठी कामगार कार्यालयात तक्रार करायची आहे. साक्ष दिली म्हणून काढलं, हे दाखवायला कागद लागतो. एवढंच लिहून द्या, की नावांची यादी इथून विभागाकडे गेली, अमुक तारखेला. लेखी मागा, असंच शिकवते ना मी सगळ्यांना?”

मी लगेच पत्र टाइप केलं. चार ओळी, जावक क्रमांक, तारीख. एकही चूक नव्हती.

“सरांची सही लागेल,” मी म्हणालो.

“तुमची चालत नाही?”

“चालते.”

तिने टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मला निवृत्तीला तेव्हा चौदा महिने होते. मी पत्र सरांच्या सहीच्या फाइलमध्ये ठेवलं. ते तिने पाहिलं आणि उठली.

तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची होती. ती जुलैअखेर संपली. पत्र त्याच फाइलमध्ये आहे. जाऊ आता तीन घरची धुणीभांडी करते. टाचणीने वजनकाटा, चित्रांचे तक्ते आणि ओळखपत्र एका पिशवीत घालून शेजारणीच्या हाती परत पाठवलं, सोबत वस्तूंची यादी. मी ताडून पाहिली, सगळं बरोबर होतं.

एप्रिलमधल्या दोन सत्रांचं मानधन तिने नेलेलं नाही. दोनदा निरोप धाडला. आठशे चाळीस, देणे बाकी.