न सांगितलेली गाडीवाट

आमचं चहाचं दुकान चाललं ते रस्ता बंद पडला म्हणून. हे आज सरळ लिहिता येतं. तेव्हा आम्ही नवरा-बायको एकमेकांतसुद्धा ते बोलत नव्हतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी राहात्याकडची, सातवी पास झालेली. लग्न होऊन मिरजगावच्या बाजूला आले त्याला दोन वर्षं झाली होती. माहेरी पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. इथे बाजरी आणि हुलगे, तेही पावसानं मनावर घेतलं तर. त्या वर्षी त्यानं मनावर घेतलं नाही.

आमची पाच एकर जमीन नगर-सोलापूर रस्त्याला लागून होती. रस्ता मोठा. इंदूरकडून निघालेले ट्रक मनमाड, नगर करत आमच्या बांधावरून पार विजापूरपर्यंत जायचे. पण थांबत कुणी नसे. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर ओढा होता आणि ओढ्यावर जुना दगडी पूल. त्याच्या कमानीला तडा गेला म्हणून उन्हाळ्यात तो पाडायला घेतला. डांबराची रिकामी पिंपं रस्त्यात आडवी लावली, 'काम चालू, रस्ता बंद' अशी पाटी ठोकली आणि गाड्यांसाठी ओढ्यात उतरून पलीकडे चढणारा कच्चा वळणरस्ता काढला. पोळ्यापर्यंत नवा पूल होईल, असं साहेब सांगून गेले. मग सिमेंट आलं नाही. सिमेंट आलं तेव्हा पाणी नव्हतं. टँकरचं पाणी माणसांना पुरेना, तिथे काँक्रीटवर कोण मारणार? पोळ्याची दिवाळी झाली, दिवाळीची संक्रांत. ओढ्यात दोन खांब उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यावर नुसत्या सळया.

वळणरस्ता काळ्या मातीतला. पाऊस नव्हता म्हणून चिखल नव्हता, पण घोटा बुडेल एवढा फुफाटा होता. भरलेला ट्रक उतरताना नीट उतरायचा, चढताना चाकं जागच्या जागी फिरायची. कधी स्प्रिंगचा पाटा तुटायचा, कधी एक्सल. वाट एकच, एका गाडीपुरती. एक ट्रक अडला की दोन्ही बाजूंना रांग लागायची. नगरहून मिस्त्री येईपर्यंत, माल उतरवून गाडी ओढून काढेपर्यंत चार-पाच तास सहज जात.

ह्यांनी चार बाभळीच्या मेढी रोवल्या, वर पत्रे टाकले आणि चूल मांडली. शेळीचं दूध असेल तेव्हा दुधाचा, नसेल तेव्हा गुळाचा कोरा चहा. सकाळी उठून हे आधी ओढ्याकडे बघायचे. गाड्या सुरळीत जाताना दिसल्या की चेहरा उतरायचा. माझाही उतरायचा.

आता त्या वाटेचं सांगते. आमच्या दुकानाच्या मागून एक गाडीवाट गावात जात होती. गावाला वळसा घालून ती वरच्या अंगाला ओढ्यात उतरायची. तिथं ओढ्याला कातळ होता, धूळ नाही की रुतणं नाही. पलीकडे विहिरीवरून जाऊन ती पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायची. दोन-अडीच मैलांचा फेरा. ट्रक त्या वाटेनं जाऊ शकत नव्हता, पण जीप, मोटार आरामात जायची. गावच्या डॉक्टरांची मोटार रोज जायची. त्या विहिरीला अजून पाणी होतं. मी रोज पहाटे त्याच वाटेनं हंडा घेऊन जात होते.

दिवाळीच्या सुमारास एका मोटारवाल्यानं ह्यांना विचारलं, "दुसरा रस्ता आहे का हो?"

"न्हाई," हे म्हणाले.

मी कप विसळत होते. मान वर करून पाहिलं, पण बोलले नाही. संध्याकाळी विचारलं, "मोटार गेली असती की वरनं?"

"गेली असती. मग चा कोन पिनार?" असं म्हणून हे हसले. मीसुद्धा हसले. त्यानंतर विचारणारा ह्यांच्याकडे येवो की माझ्याकडे, उत्तर ठरलेलं असायचं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या आत सोलापूरकडून आलेला, शहाबादी फरशीनं भरलेला ट्रक आमच्या बाजूच्या चढावर बसला. एक्सल गेला होता. हे बघायला खाली ओढ्यात गेले. तेवढ्यात नगरच्या बाजूनं एक जीप येऊन रांगेच्या मागं थांबली. डोक्याला टोपी, अंगात कोट घातलेला चाळिशीचा माणूस उतरला, पुढं जाऊन ट्रक बघून आला आणि थेट माझ्याकडे आला.

"ताई, जीप काढायला दुसरी वाट हाय का कुठं?"

"न्हाई," मी म्हटलं. म्हणताना हातातली किटलीसुद्धा थांबली नाही.

तो परत गेला. थोड्या वेळानं जीपमधून एक बाई उतरून आली. पन्नाशीची, इरकली लुगडं, डोक्यावरून पदर. माझ्या बाजेवर बसली आणि पाणी मागितलं. त्या दिवसांत पाणी मागणाऱ्याला लोक चहाच घ्या म्हणायचे. मी पाणी दिलं.

"माहेर कुठलं गं तुझं? हिकडली वाटत न्हाईस."

"राहात्याकडचं, मावशी."

तिचा चेहरा एकदम उजळला. "आगं, मग शेजारचीच की! आमी कोपरगावकडचे." आणि जीपकडे वळून हाक मारली, "भाऊजी, ती पाटी आना हिकडं." तो तिचा दीर होता. त्यानं झाकलेली वेताची पाटी आणून ठेवली. आत पेरू होते. राहात्याच्या बाजारातून सकाळी घेतलेले, पिवळे होत आलेले. दोन वर्षांत मी तो वास घेतला नव्हता.

"बहिनीला नेतीया," ती म्हणाली. "करमाळ्याच्या पुढं दिलीया तिला. थोरली माझी. आई गेली तवा मी लहान हुते, तिनंच वाढवलं मला. आता लई आजारी हाय. काल मानूस आला सांगायला, म्हनला, तुमचं नाव घेऊन इचारती सारखी, कवा येती म्हनून. तोंडाला चव न्हाई, पेरू खावासा वाटतो म्हनली." मग ओढ्याकडे बघून म्हणाली, "किती येळ लागंल गं हे निघायला?"

"निघंल की आता," मी म्हटलं.

तोपर्यंत हे परत आले होते. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बसून चुलीत लाकूड सारत होते, सारतच राहिले.

सांगायला काही अवघड नव्हतं. "मावशी, आत्ता ध्यानात आलं, गावातनं एक वाट हाय," एवढं म्हटलं असतं तर तिनं दुसरा प्रश्नसुद्धा केला नसता. ते वाक्य मी मनात तीन-चार वेळा जुळवलं. पण बाजेच्या पलीकडे दोन मोटारवाले बसले होते, त्यांनाही मी थोड्या वेळापूर्वी नाही म्हणून सांगितलं होतं. ते तोंडावर बोलले असते. आणि चहाचं म्हणाल तर तेवढ्यासाठी मी गप्प बसले नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माहेरच्या मुलखातलं माणूस दोन वर्षांनी भेटलं होतं, माझ्याशी मायेनं बोलत होतं. त्या माणसापुढं मला खोटारडी ठरायचं नव्हतं. एवढ्याशा लाजेपायी मी तिला तिथं बसवून ठेवलं.

तिला नुसतं बसवेना. माझ्या सुपात हुलगे होते, ते तिनं पुढ्यात ओढले आणि निवडू लागली. निवडता निवडता राहात्याच्या बाजाराचं बोलली, पाटाच्या पाण्याचं बोलली. दर थोड्या वेळानं उन्हाकडे बघायची. बारा वाजले, एक वाजला. दीर दोनदा ओढ्यात जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "वैनी, फरशी उतरवायला घेतलीया. आजून तासभर." तिनं नुसती मान हलवली आणि सूप खाली ठेवलं.

दोन वाजून गेल्यावर ट्रक मागं ओढून कडेला घेतला. जीप सुरू झाली. जाता जाता तिनं पाटीतले दोन पेरू काढून माझ्या हातात ठेवले.

"माहेरचं हाय, खा."

ते मी खाल्ले. खाल्ले नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं.

पुढं बारा-तेरा दिवसांनी, सकाळी, मी विहिरीवरून हंडा घेऊन परत येत होते. कातळ ओलांडून गावाच्या बाजूला चढले तेवढ्यात मागून गाडीचा आवाज आला. वाट सोडून बांधाला उभी राहिले. तीच जीप होती. करमाळ्याकडच्या कुणीतरी त्यांना ही वाट सांगितली असणार.

माझ्याजवळ येऊन जीप थांबली. बाईनं आधी मला पाहिलं, मग डोक्यावरचा हंडा, मग मागं वळून ओढ्यापलीकडची विहीर.

"पानी हितनंच आनतीस व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशी."

"रोज?"

"व्हय."

तिच्या दिराच्या ध्यानात आलं. तो स्टिअरिंगवरून माझ्याकडे वळला. "मंजी त्या दिवशी तुला ठावं हुतं?"

तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी." मग माझ्याकडे न बघता, समोर बघत म्हणाली, "एक वाजता गेली ती. आमी पोचलो तवा मानसं नदीवरनं माघारी येत हुती."

मनात आलं, माफ करा म्हणावं, पाय धरावेत, काहीतरी करावं. डोक्यावर हंडा होता आणि दोन्ही हात हंड्याला होते. तो खाली ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

"जा, जड हाय हंडा," ती म्हणाली. "चला, भाऊजी."

जीप गेली. हंड्यात धूळ पडली होती. ते पाणी ओतून देण्यासारखे दिवस नव्हते. ते मी नेलं आणि त्याचाच चहा केला.

त्या दिवशी दुपारी मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हे चिडतील. ते एवढंच म्हणाले, "ती आजारीच हुती. तू काय मारलं न्हाईस तिला."

"भेट झाली असती."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"आता जो इचारंल त्याला मी वाट सांगनार," मी म्हटलं.

"सांग," हे म्हणाले. आणि खरंच त्यांनी मला कधी अडवलं नाही. हे वाईट नव्हते. दोघांत मिळून आम्ही तसे झालो होतो.

मी सांगू लागले. कुणी विचारायच्या आधीच रांगेत जाऊन सांगायचे, "लहान गाडी असंल तर गावातनं जावा." आठ-दहा दिवस मोटारी, जीपा त्या वाटेनं गेल्या. मग विहिरीवाल्या शेतकऱ्यानं कुरकूर सुरू केली. गाड्यांनी त्याचा बांध मोडला होता, पाणी भरणाऱ्या बायांच्या अंगावर धूळ उडत होती. एका सकाळी त्यानं गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. माणसापुरती फट ठेवली. त्याचं चुकलं नव्हतं. त्यानंतर कुणी विचारलं की मी खरंच सांगायचे, की वाट नाही. माझं सांगणं एवढंच टिकलं.

कधी कधी मी मनाची समजूत घालायचे, की काय सांगावं, जीप त्या वाटेनंही कुठं अडली असती. पण डॉक्टरांची मोटार त्या दिवशीसुद्धा गेली होती. मी स्वतः पाहिली होती.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पूल झाला. डांबर पडलं आणि त्याच आठवड्यात ट्रक पुन्हा न थांबता जाऊ लागले. आम्ही पत्रे उतरवले. त्या वर्षी पाऊस बरा झाला, हे शेतीत गुंतले. पुढं मला गावातल्या बालवाडीत काम मिळालं आणि ते मी पुष्कळ वर्षं केलं.

त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं, गावही नाही. कोपरगावकडची एवढंच. एकदा नात्यातल्या लग्नाला कोपरगावला जाणं झालं, तेव्हा बाजाराच्या दिवशी दोन तास नुसती फिरले. इरकली लुगड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. भेटली असती तर काय बोलणार होते, ते मला ठाऊक नव्हतं. आणि ती हयात असेल की नाही, तेही.

मागच्या वर्षी हे आजारी होते. मी उशाशी बसले होते. कधी नव्हे ते पुन्हा तो विषय काढला.

"ती जीपवाली बाई आठवती का हो? बहिणीला भेटायला चालली होती ती?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"लई गाड्या अडायच्या तवा," हे म्हणाले. "कोन कोन ध्यानात ठेवायचं?"

मी बरं म्हटलं आणि त्यांच्या दुपारच्या गोळ्या काढून दिल्या.