पायलचं दुसरं खातं

"नाव काही बदलत नाही," संघदीप पुन्हा म्हणाला आणि त्यानं माउस आपल्याकडे ओढून घेतला. "आपल्या आजाले हे नाव गावात मोठ्यानं घेता येत नव्हतं. अन् आता तुह्या सॉफ्टवेअरले चालत नाही म्हणून पुसू?"

"पुस कोण म्हणून राह्यलं, दादा? इंग्रजी अक्षरात लिही म्हणते. त्याले आपली अक्षरं वाचता येत नाही."

"मंग शिकव त्याले. शिकलेली तू आहेस ना."

मारेगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवारची दुपार तापली होती. कम्प्युटर घरी आला त्या दिवशी खातं कोणत्या नावानं उघडायचं, असं संघदीपनं विचारलं होतं. वडिलांनी, डोमाजींनी, लगेच सांगितलं, जय भीम. आणि आपल्या अक्षरात लिही, हेही वर. आईनं, कौसल्यानं, पेढे वाटले. तेव्हापासून त्या खात्यात संघदीपनं छापायच्या कितीतरी लग्नपत्रिका तयार केल्या, कुठे अडलं नव्हतं. आता लग्नसराई तोंडावर होती आणि त्याला कम्प्युटर बसस्टँडजवळच्या आपल्या छपाईच्या दुकानात हलवायचा होता.

पायल मात्र तीन दिवस त्याच कम्प्युटरपुढे अडून बसली होती. जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या डोमाजींची ही धाकटी. कापसाचे दिवस फिरले तसं जिनिंग वर्षातून जेमतेम चार महिने चालायचं, तरी पोरीचं शिक्षण थांबलं नाही. तिनं यवतमाळला औषधशास्त्राची पदवी घेतली, मग पुढच्या पदवीला नाव घातलं. कीटकनाशकाच्या फवारणीनं माणसं दवाखान्यात भरती झाली त्या हंगामात राळेगावची नंदामावशी पंपात पाणी भरता भरता कोसळली. वाचली, पण पुढे बरेच दिवस तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते विष शरीरातल्या ज्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतं, तिथं एखाद्या वनस्पतीतला रेणू बसू शकतो का, हे पायलला कम्प्युटरवर बघायचं होतं. याला डॉकिंग म्हणतात. कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक अनघा मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, हे चालवून सोमवारी निकाल आणून दाखव. नाही जमलं तर सगळे घेतात तो गोळ्या बनवण्याचा विषय घे.

डॉकिंगच्या आधी प्रथिन तयार करावं लागतं. त्याला चिकटलेलं पाणी काढायचं, हायड्रोजन जोडायचे, मग पुढचं. हे कौसल्याला सांगितलं तेव्हा अंगणवाडीची खिचडी शिजवण्यात जन्म गेलेली ती बाई म्हणाली, "प्रथिन म्हणजे डाळच ना? मंग डाळीतलं पाणी काढायले तीन दिवस कायले लागून राह्यले?"

पायल चिडली होती, तरी हसली.

सॉफ्टवेअर तिनं काढून पुन्हा टाकलं, आणि पुन्हा. उघडायला गेलं की काळी खिडकी लुकलुकायची आणि बंद व्हायची. संघदीप म्हणायचा, व्हायरस आणला. त्या दुपारी तिनं खिडकी बंद व्हायच्या आत मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. शेवटच्या ओळीत फोल्डरचा पत्ता होता, आणि त्यात जय भीमच्या जागी नुसते रिकामे चौकोन. भांडण तिथून पेटलं.

अखेर डोमाजी बोलले. बाजेवर बसून ते सगळं ऐकत होते. "बदलव रे संघदीप. नाव माह्या तोंडात आहे, कुठं जात नाही."

संघदीपनं तोंड पाडून नाव इंग्रजीत लिहिलं. पायलनं सॉफ्टवेअर उघडलं. खिडकी लुकलुकली आणि बंद झाली. पुन्हा तेच चौकोन.

"झालं समाधान?" संघदीप म्हणाला.

 पायलनं आतलं फोल्डर उघडून पाहिलं. वरची पाटी बदलली होती, आत फोल्डरचं नाव जुनंच होतं. कम्प्युटरनं ते सोडलंच नव्हतं. तिनं आधी वरचं नाव होतं तसं परत लिहिलं, आपल्या अक्षरात. मग शेजारी दुसरं खातं उघडलं, इंग्रजीत, स्वतःच्या नावाचं, आणि सॉफ्टवेअर त्या खात्यात टाकलं.

खिडकी उघडली ती उघडीच राहिली.

तिनं प्रथिन आत घेतलं. पडद्यावर रंगीत धाग्यांचा गुंता आला, भोवती लाल ठिपके. "हे पाणी," ती म्हणाली आणि एक कळ दाबली. सगळे ठिपके एकदम गेले. कौसल्या पोळपाट सोडून पिठाच्या हातानं बघायला आली. "निथळली का डाळ?" तिनं विचारलं.

हायड्रोजन जोडले गेले. फाइल जतन झाली. वनस्पतीतला रेणू आत घेऊन, खोबणीभोवती चौकट आखून पायलनं डॉकिंग सुरू केलं, तशी काळ्या खिडकीत किती काम झालं ते दाखवणारी एकेक चांदणी उमटू लागली.  चांदण्यांची रांग भरेपर्यंत संघदीपही दुकानाचं नाव न काढता उभा राहिला. मग आकडे आले. रेणू कडेला लटकला नव्हता, थेट खोबणीच्या तळाशी जाऊन बसला होता.

"बसला?" डोमाजींनी विचारलं.

"बसला, बाबा. खरा बसते का, ते प्रयोगशाळेत पाहावं लागीन. पण इथं बसला."

डोमाजी बाजेवरून उठून आले आणि तिच्या खुर्चीवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिले. संघदीप हळूच म्हणाला, पत्रिकांचं काय.

"जय भीमच्या खात्यात संध्याकाळी तू बस," पायल म्हणाली. "विषय हाच राहीन. मी हा निकाल घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं यवतमाळले जाऊन राह्यली. अन् माहं काम होईपर्यंत कम्प्युटर या घरातून हालणार नाही."