घोडेस्वार गेल्यावर

दर्शन सकाळीच झालं होतं आणि गाडी संध्याकाळची होती, म्हणून शेगावच्या एका लॉजमध्ये दुपारपुरती खोली घेतली. माझा मोबाईल चार्जिंगला लावत काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “वाचता का काही?” त्याच्या खणात अमेरिकेतल्या माळरानावरच्या घोडेस्वारांच्या कादंबऱ्यांचे जुने मराठी अनुवाद होते. एक माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “हे घ्या. लय भारी हाये.”

मला गोळीबाराच्या गोष्टींचा कंटाळा. पण पंख्याखाली पडून दुसरं करणार काय?

संध्याकाळी पुस्तक अर्धंच झालं होतं. मी पानाचा कोपरा दुमडून ते परत दिलं. तो हसला आणि त्याने खणातली इतर पुस्तकं उघडून दाखवली. सगळ्यांत असेच कोपरे दुमडलेले.

“लोक येतात, अर्धं वाचतात, जातात. मी उलगडत नाही. परत आले तर पान सापडलं पाहिजे ना.”

बोलताना त्याची नजर दाराकडेच होती. बाहेर ऑटो थांबला की तो उठायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा बसायचा.

“याच्या शेवटी काय होतं?” मी विचारलं.

“काय होते? घोडेस्वार गाव सोडून जाते. दरवेळी. ज्यानं त्याले खोली देली, जेवू घातलं, तो दारात उभा राह्यते. त्याचं पुढं काय झालं, ते कोन्याच पुस्तकात नाही.”

माझ्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. मी मोबाईल आणि पिशवी उचलून निघालो. ऑटोत बसताना मागे वळून पाहिलं, तर तो दारात उभा होता.